मुलांचं वजन : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मुलांच्या लठ्ठपणावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे, ‘किती किलो उतरवू आणि किती दिवसांत?’ वाढत्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न आधी जरा बाजूला ठेवावा लागतो. का, ते पहिल्या उत्तरात सविस्तर दिलं आहे. पुढची उत्तरं त्याला धरूनच वाचावीत.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच आठ वर्षांचा झाला. उंची १२८ सेंटिमीटर, वजन ३२ किलो. शाळेतल्या तपासणीत ‘अतिवजन’ असा शेरा आला आहे. घरातले म्हणतात, तो हाडापेराने थोराड आहे, वय वाढलं की सगळं उंचीत निघून जाईल. कोणाचं खरं मानू? आणि किती वजन कमी करायचं?

उत्तर : शेरा बरोबर आहे. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.२८ चा वर्ग १.६४. त्याने ३२ ला भागलं की १९.५ येतात. मोठ्या माणसाला हा आकडा अगदी उत्तम, आणि पालकांची फसगत नेमकी इथे होते. मुलांना मोठ्यांचे आकडे चालत नाहीत. बाळाचा बीएमआय पहिल्या वर्षात चढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू उतरतो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. म्हणून प्रत्येक वयाला, मुलाला आणि मुलीला, वेगळी रेषा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात (५ ते १९ वयासाठी हाच वापरतात) आठ वर्षांच्या मुलाचा मधला आकडा १५.७ आहे. १७.४ च्या वर अतिवजन, १९.७ च्या वर लठ्ठपणा. तुमचा मुलगा दुसऱ्या रेषेच्या अगदी जवळ आहे.

आता हाडापेराचं. १२८ सेंटिमीटर उंचीला मधलं वजन साधारण २५.७ किलो येतं. म्हणजे फरक सहा किलोंहून जास्त आहे. आठ वर्षांच्या मुलात इतका फरक हाडांच्या ठेवणीमुळे पडत नाही.

पण काहीही ठरवण्याआधी उंची पुन्हा मोजा. बहुतेक चुका वजनात नाही, उंचीत होतात. पायांत काही नको, केसांचा अंबाडा किंवा बो नको. टाचा, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली हवी. अंग जास्त असेल तर हे सगळं एकदम टेकत नाही. अशा वेळी नितंब आणि खांदे टेकले तरी पुरे, पण पाठ ताठ हवी. नजर समोर, हनुवटी वर नको. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा, पेन्सिलीने खूण करा आणि धातूच्या टेपने मोजा. दोनदा मोजा. दोन्ही वेळांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. हा खटाटोप वाटेल, पण तुमच्याच मुलाची उंची १२८ ऐवजी चुकून १२६ लिहिली तर बीएमआय २०.२ होतो आणि शेरा ‘अतिवजन’ वरून थेट ‘लठ्ठपणा’ वर जातो. उंची नेहमी सकाळी घ्या. दिवसभरात ती सेंटिमीटरभर सुद्धा कमी भरू शकते.

किती कमी करायचं? या वयात आणि या टप्प्यावर एक किलोही नाही. वजन आहे तिथे थोपवून धरायचं. या वयाचं मूल वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. पुढच्या वाढदिवसाला त्याची उंची १३४ असेल आणि वजन ३२ वरच राहिलं असेल, तर बीएमआय १७.८ येईल. नऊ वर्षांच्या मुलाची अतिवजनाची रेषा १७.९ आहे. म्हणजे काहीही न उतरवता तो वर्षभरात रेषेखाली येतो. ‘उंचीत निघून जाईल’ यात तेवढं तथ्य आहे, पण वजन थांबलं तरच. ते आपोआप थांबत नाही. नुसती वाट पाहिली तर वजन उंचीच्या पुढे पळत राहतं.

थोपवून धरायला उपासमार लागत नाही. एकाच वेळी तीन गोष्टींना हात घाला : गोड पेयं घरात आणू नका; शाळेतून आल्यावरचं खाणं ताटात वाढून, एका जागी बसून द्या, पाकिटातून नाही; आणि जेवताना टीव्ही-मोबाइल बंद. तीन महिने एवढंच करा, मग पुन्हा मोजा. लठ्ठपणा फार तीव्र असेल, गुंतागुंत सुरू झाली असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल, तर वजन उतरवावंही लागतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

प्रश्न : माझी नात दोन वर्षांची आहे. पहिल्या वर्षी काय छान बाळसं होतं! आता घासच घेत नाही. मोबाइलवर गाणी लावून भरवलं तरच जेवते, तेही तासभर. लठ्ठपणा राहू द्या बाजूला, ही वाळेल याचीच भीती वाटते. — एक आजी

उत्तर : आजी, तुमची काळजी आम्हाला समजते. तरीही तुमचं पत्र मुद्दाम याच सदरात घेतलं आहे. पुढे दहाव्या वर्षी दिसणाऱ्या लठ्ठपणाची सवय पुष्कळदा याच वयात, याच काळजीपोटी लागते.

आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलीचं मधलं वजन जन्मताना ३.२ किलो, सहा महिन्यांना ७.३, वर्षाला ८.९, दोन वर्षांना ११.५ आणि तीन वर्षांना १३.९. पहिल्या सहा महिन्यांत चार किलो, आणि अख्ख्या दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच. वाढीचा वेग इतका उतरतो, तशी भूकही उतरते. नात बिघडलेली नाही, तिचं शरीर बरोबर हिशेब करतं आहे. बाळसं उतरणं हेही त्या वयाचंच आहे. ती चालू-पळू लागली, अंग लांबट झालं.

मोबाइल लावला की काय होतं? पोट भरत आल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तो पोचला तरी लक्ष पडद्यावर असल्यामुळे मुलीला तो कळत नाही. तोंड उघडतं, घास आत जातो. आज तुमचा हेतू साधतो. पण रोज दोन वेळा असं झालं की ‘भूक लागली’ आणि ‘पुरे झालं’ या दोन जाणिवा बोथट होतात. चार वर्षांनी हेच मूल वाढेल तेवढं खातं आणि मग घरच त्याला खादाड म्हणायला लागतं.

कामं वाटून घ्या. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे नातीने. दिवसातून तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात पाण्याखेरीज काही नाही. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटपायचं, ताटात काही उरलं असलं तरी. पहिल्यांदा मोठ्यांच्या वाढणीच्या चौथ्या हिश्शाएवढंच वाढा. मागितलं तर पुन्हा द्या. नवी भाजी दोनदा नाकारली म्हणून सोडू नका. एकच पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं तो स्वीकारतात. समोर ठेवायचा, आग्रह करायचा नाही.

दुधाचंही पाहा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाला जागाच उरत नाही आणि लोह कमी पडून अंगात रक्त कमी होतं. बाटली असेल तर ती आता बंदच करा, पेला द्या. पहिले चार-पाच दिवस ती रडेल, कमी जेवेल. त्या दिवसांत ‘निदान बिस्किट तरी’ असं करू नका. तिथेच सगळं फिसकटतं, कारण जेवण टाळलं की गोड मिळतं हे ती एका दिवसात शिकते.

वजन खरंच घटत असेल, वाढीच्या आलेखावरची तिची रेषा खालच्या रेषा ओलांडत उतरत असेल, वारंवार उलट्या-जुलाब असतील, तर डॉक्टरांकडे न्या. नुसतं ‘कमी खाते’ एवढ्यावर नको.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं, फार गुटगुटीत. दूध कमी करू का?

उत्तर : नाही. या वयात डाएट नसतं. आईचं दूध चालू ठेवा, वरचं अन्न सहा महिन्यांपासून जसं सुरू होतं तसंच. एवढंच पाहा : अन्नात साखर-मीठ नको, बाटलीत रस किंवा साखरपाणी नको, आणि प्रत्येक रडणं भुकेचं समजून तोंडात काहीतरी द्यायचं नाही. तान्ह्याने तोंड वळवलं की त्याचं झालं. बाटलीने पाजत असाल तर तळाशी उरलेलं संपवायला लावू नका. ही चूक बाटलीतच जास्त होते, कारण किती उरलं ते दिसतं.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, वजन खूप आहे. ‘थायरॉईड असेल, हार्मोन तपासून घ्या’ असं सगळे सुचवतात. कोणत्या तपासण्या करू?

उत्तर : आधी उंची बघा, रक्त नंतर. सगळ्यात मोठी खूण तिच्याजवळच आहे. खाणं, झोप आणि हालचाल यांमुळे वजन वाढलेली मुलं वयाच्या मानाने उंच असतात. जास्तीचं पोषण उंचीलाही पुढे ढकलतं, मुली वयातही लवकर येतात. थायरॉईड मंदावणं, कॉर्टिसॉल जास्त होणं किंवा वाढीचं हार्मोन कमी पडणं यांत वजन वाढतं, पण उंची थांबते. म्हणून वर्गात उंच असलेल्या जाड मुलीत हार्मोनचा आजार निघण्याची शक्यता फार कमी. वर्ष-दीड वर्षात फ्रॉकची लांबी तीच राहिली आणि कंबर मात्र वाढली, तर तपासणी लगेच हवी.

एक बारकावा. लठ्ठ मुलांच्या रक्तात टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) थोडा वाढलेला दिसतो. बहुतेकदा तो लठ्ठपणाचा परिणाम असतो, कारण नव्हे. त्यावर गोळी घेऊन वजन उतरत नाही.

चालू औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉईड, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिनसारखी मानसोपचारातली औषधं आणि भूक वाढवायला दिलं जाणारं सायप्रोहेप्टाडिन वजन वाढवतात. स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा. आनुवंशिक आजार विरळा असतात. पाच वर्षांच्या आत सुरू झालेला तीव्र लठ्ठपणा आणि कधीच न शमणारी भूक, तान्हेपणी अंग अगदी लुळं असणं आणि दूध ओढता न येणं, जास्तीचं बोट, कमी दिसणं किंवा उशिरा बोलणं, यांपैकी काही असेल तर त्यांचा विचार होतो.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा आहे. साबण, दगड, लिंबू, सगळं घासून झालं. जात नाही.

उत्तर : घासणं आजच थांबवा, तो मळ नाही. बोट फिरवून पाहा : कातडी जाडसर, मखमलीसारखी आणि बारीक वळ्यांची लागेल. काखेत आणि जांघेतही तशीच असेल. रक्तात इन्शुलिन जास्त राहिल्याने कातडीची ही वाढ होते. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं, याची ती खूण आहे. याला अजून मधुमेह म्हणत नाहीत, पण वाट तिकडेच जाते. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यकृताला सूज आहे का ते सांगणारं एएलटी आणि रक्तातली चरबी तपासून घ्या. रक्तदाबही मोजा, मात्र दंडाच्या मापाचा पट्टा वापरायला सांगा. लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. इन्शुलिन उतरलं की मानेवरचा काळा पट्टा फिका होत जातो, त्याला महिने लागतात. क्रीम लावून कारण जात नाही. आणि त्या मुलाला ‘मान नीट धुत जा’ म्हणून कोणी ओरडत असेल तर त्यांनाही हे सांगा.

प्रश्न : आम्ही थंड पेयं कायमची बंद केली. त्याऐवजी रोज सकाळी ताज्या फळांचा मोठा पेलाभर रस आणि दोन वेळा दुधात चॉकलेटची पौष्टिक पावडर देतो. तरी वजन वाढतंच आहे. चुकतंय कुठे?

उत्तर : थंड पेयं बंद केलीत हे फार चांगलं केलंत. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे, १४० कॅलरी. पण साखर दुसऱ्या दाराने परत आली आहे.

संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसात १७ ते २० ग्रॅम साखर असते. पेलाभर रसाला तीन तरी संत्री लागतात. तीन संत्री सोलून, फोडी वेगळ्या करून खायची तर मुलाला दहा मिनिटं लागतील आणि बहुतेक मुलं दुसऱ्याशीच थांबतील. रस अर्ध्या मिनिटात संपतो. चोथा गेला, चावणं गेलं, आणि पातळ गोडाने पोट भरल्याची जाणीव घट्ट अन्नाइतकी होत नाही, म्हणून पुढचं जेवण कमीही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना रसातली आणि मधातली साखर वरून घातलेल्या साखरेतच धरते. अख्ख्या फळातली धरत नाही. तिची मर्यादा दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, शक्य तर ५ टक्क्यांखाली. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला ते ४० आणि २० ग्रॅम होतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये रसाचं प्रमाण ठरवलं : वर्षाच्या आत अजिबात नाही, एक ते तीन वर्षांना १२० मिलिलिटरपर्यंत, चार ते सहा वर्षांना फार तर १८०, त्यापुढे २४०. ही कमाल मर्यादा आहे, द्यायलाच हवा असा डोस नव्हे. अख्खं फळ द्या. रसाची गरज मुलाला मुळात नाही.

आता पावडरचा डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. पुढच्या बाजूला उंची, बुद्धी, जीवनसत्त्वं असतात. कामाचं मागे असतं. तीन गोष्टी बघा. पहिली, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिल्या तिनांत साखर असेल तर तो गोड पदार्थ आहे. साखर इतर नावांनीही येते : ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचा अर्क. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात दिसत नाही, पण पोटात तितक्याच झटपट ग्लुकोज होतं. दुसरी, आकडे १०० ग्रॅममागे आहेत की एका ‘सर्व्हिंग’मागे. तुलना नेहमी १०० ग्रॅमवर करा. सर्व्हिंगचं माप उत्पादक ठरवतो आणि ते लहान ठेवलं की आकडा लहान दिसतो. तिसरी, तुम्ही प्रत्यक्षात किती घालता. घरातला चमचा शीग भरून येतो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा. समजा १०० ग्रॅममागे साखर ३५ ग्रॅम आहे आणि तुमचे दोन चमचे २५ ग्रॅम भरले, तर एका कपात नऊ ग्रॅमच्या आसपास साखर गेली, दोन कपांत साडेसतरा. वर रसाची. ५ टक्क्यांची मर्यादा न्याहारी संपेपर्यंतच ओलांडलेली असते.

पावडर एकदम बंद केली तर मूल दूधच सोडेल, अशी भीती वाटेल. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. चार चमचे असतील तर दोन महिन्यांत साधं दूध. जीभ सवयीची असते, तिला उलटीही सवय लागते.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. वर्गातल्या जाड मुलांना रोज मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावतो. वजनात फरक पडत नाही आणि मुलं तासाला दांडी मारू लागली आहेत.

उत्तर : सर, तळमळ योग्य आहे, रीत बदलायला हवी. तीस किलोच्या मुलाने अर्धा तास धावलं तरी सव्वाशे कॅलरींच्या आसपास जळतात. तेवढ्या एका थंड पेयात भरून निघतात. खेळाने वजन भराभर उतरत नाही. त्याचा खरा फायदा वेगळा : इन्शुलिनचं काम सुधारतं, रक्तदाब आणि यकृतातली चरबी कमी होते, झोप लागते, स्नायू टिकतात. हा फायदा वजन तेच राहिलं तरी मिळतो. पण त्यासाठी मूल वर्षानुवर्षं खेळत राहायला हवं, आणि शिक्षा म्हणून धावलेलं मूल मोठेपणी धावत नाही.

पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी : उड्या, चढणं, ओढणं, लोंबकळणं. दमवणारी म्हणजे किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकी.

तुमच्या तासात एक प्रयोग करा. घड्याळ लावून एकाच जाड मुलाकडे पाहा आणि तो खरोखर किती मिनिटं हलतो ते मोजा. ‘बाद झाला की बाहेर’ अशा खेळात तो सगळ्यात आधी बाद होतो आणि तास संपेपर्यंत कडेला बसतो. ज्याला हालचाल हवी त्यालाच ती मिळत नाही. बाद झालेल्याने पाच उड्या मारून परत आत यावं, असा नियम केला तरी चित्र बदलतं. चेंडू एक आणि मुलं वीस असतील तर चार गट, चार चेंडू करा. जाड मुलाची ताकद जिथे दिसते असे खेळ ठेवा : रस्सीखेच, गोळाफेक, ढकलणं-ओढणं. फेऱ्या लावायच्याच तर वेळेवर लावा, अंतरावर नको. दहा मिनिटांत जो जितकं जाईल तितकं, म्हणजे सगळे एकदम थांबतात आणि कोणी शेवटचा उरत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. जाड मुलगा किंवा मुलगी, दहा ते सोळाच्या दरम्यान, लंगडायला लागली आणि मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणाली, तर मुरगळलं असेल म्हणून चोळू नका, चालायलाही लावू नका. खुब्याच्या हाडाचं डोकं वाढीच्या जागेवरून सरकलेलं असू शकतं. दुखणं गुडघ्यात असतं आणि बिघाड खुब्यात, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो आणि आजार निसटतो. खुब्याचाच एक्स-रे हवा, त्याच दिवशी.

प्रश्न : एक मुलगा सडपातळ, धाकटी जाड. दोघांना वेगळं वाढायचं का?

उत्तर : नाही. घरात एकच स्वयंपाक, एकच नियम, मोठ्यांसकट. थोरल्याला आइस्क्रीम आणि धाकटीला काकडी, असं झालं की तिला दोन गोष्टी कळतात : आपल्यात काही खोट आहे, आणि आइस्क्रीम ही जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे. मग ती चोरून खाते. आइस्क्रीम घरात साठवू नका. महिन्यातून एकदा सगळे बाहेर जाऊन खा. सडपातळ मुलाच्याही यकृताला आणि दातांना साखरेचा तोटा तितकाच आहे. एकाच घरात, एकाच अन्नावर दोन मुलं वेगळी होतात, कारण भुकेची तीव्रता पुष्कळ अंशी जनुकांतून येते. तिच्यात निश्चय कमी आहे असं नाही, तिला भूकच जास्त लागते.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची. नातेवाइकांच्या बोलण्यावरून तिने रात्रीचं जेवण सोडलं आहे. वजन कमी होतंय म्हणून आम्हीही काही बोललो नाही. बरोबर केलं का?

उत्तर : आता बोला, पण वजनाविषयी नाही. या वयात वाढ जोरात असते आणि पाळीमुळे लोहाची गरजही वाढलेली असते. जेवण सोडणाऱ्या मुली बहुधा दुपारी-संध्याकाळी भुकेने कासावीस होऊन भसाभस खातात, मग अपराधी वाटून पुन्हा जेवण सोडतात, आणि या फेऱ्यात वजन शेवटी वाढतं. वजनावरून टोमणे खाणारी मुलं पुढे जास्त जाड होतात, बारीक नाही.

‘तू जाड झालीस’ ऐवजी ‘आपण सगळे रात्री आठला एकत्र जेवू’ असं म्हणा आणि तसं करा. नातेवाइकांना तिच्यासमोरच शांतपणे सांगा की या घरात कोणाच्या अंगावरून बोलायचं नाही. तुम्ही तिची बाजू घेतलेली तिला दिसू द्या. जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाणं, पाळी थांबणं, चक्कर, केस गळणं, सतत वजनकाट्यावर उभं राहणं, यांतलं काही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही भेटा. तिचा बीएमआय अजून जास्त असला तरीही. खाण्याचे विकार जाड मुलींनाही होतात आणि त्यांच्यात ते उशिरा ओळखले जातात.

प्रश्न : दहा वर्षांचा मुलगा रात्री साडेअकराला झोपतो, सकाळी सहाला उठतो. याचा वजनाशी संबंध असतो का?

उत्तर : मोठा संबंध असतो. साडेसहा तास फार कमी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात, तेरा ते अठराला ८ ते १०. झोप कमी पडली की भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं, तृप्ती देणारं लेप्टिन उतरतं, दुसऱ्या दिवशी गोड-तेलकट हवंसं वाटतं आणि खेळायला अंगात जोर नसतो. शिवाय जागं राहिलेले दोन तास खाण्याचेही असतात.

एकदम नऊला झोपवायला जाऊ नका, तो अंथरुणात तळमळेल. उठायची वेळ पक्की ठेवा, सुट्टीलाही. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. झोपण्याआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद, आणि फोन त्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला. तो घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल किंवा दिवसा पेंगत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) यांची वाढ आणि मानेभोवतीची चरबी मिळून घशातली श्वासाची वाट दाबली जाते.

प्रश्न : मुलांसाठी वजन उतरवायची इंजेक्शनं निघाली आहेत म्हणे. आणि घरगुती चूर्णं?

उत्तर : लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधं बारा वर्षांच्या पुढच्या लठ्ठ मुलांसाठी काही देशांत मान्य झाली आहेत. ती अतिवजनासाठी नाहीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि खाण्या-हालचालीतल्या बदलांच्या जोडीनेच देतात. मळमळ-उलट्या हा नेहमीचा त्रास, आणि औषध थांबलं की वजन बहुधा परत येतं. घटक न छापलेलं कोणतंही चूर्ण, चहा किंवा थेंब मुलाला देऊ नका. त्यांत लघवी-जुलाबाची औषधं मिसळलेली असतात तेव्हा काट्यावर उतरतं ते पाणी.

प्रश्न : वजन किती दिवसांनी करावं? आम्ही रोज करतो.

उत्तर : महिन्यातून एकदा पुरे. रोजचा आकडा पाणी, मीठ आणि शौचावर हलतो. सकाळ-संध्याकाळमध्येच किलोभर फरक पडतो. मग आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष दिला जातो आणि मुलाला काट्याची धास्ती बसते. महिन्यातला एक दिवस ठरवा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत, तोच काटा, कडक फरशीवर; गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो. उंची तीन महिन्यांनी, कारण एका महिन्यातली अर्धा सेंटिमीटर वाढ मापाच्या चुकीतच हरवते. कंबरही तेव्हाच मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर चरबी पोटात साठते आहे. वहीत तारीख, उंची, वजन, कंबर एवढे चारच रकाने ठेवा. आकडा मुलाला मोठ्याने वाचून दाखवायची गरज नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. तीन-चार नोंदी असल्या की त्यांना वाढीचा वेग दिसतो, एका दिवसाच्या वजनावरून तो कळत नाही.